मुंग्यांच्या मागे मावशी

शनिवारी सकाळी भाचीचा घसा बसला. बसला म्हणजे पार बसला. "मावशी" अशी हाक मारायला तिने तोंड उघडलं, तर आतून फक्त पंक्चर झालेल्या सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी हवा निघाली.

मावशी गॅसपाशी चहा गाळत उभी होती. तिने वळून पाहिलं. "काय गं? पुन्हा म्हण."

भाचीने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा नुसती हवा.

"अरे देवा," मावशी म्हणाली, "आणि आजच?"

मावशीला आवाजाचं असं दुखणं कधी माहीतच नव्हतं. तिने उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला होता. मागच्या दारापाशी उभं राहून ती बोलली की पुढच्या काचेपाशी बसलेला ड्रायव्हर दचकायचा. भर गर्दीत, इंजिनच्या घरघरीत, रस्त्यावरच्या भोंग्यांवर मात करून तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं होतं आणि तोच आवाज दोन खोल्यांच्या घरात मावत नव्हता. दारावरची बेल वाजली आणि मावशीने आतून "कोण आहे?" विचारलं की खालच्या मजल्यावरची दोन्ही दारं उघडायची.

भाची म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात, बालविभागात तिला नोकरी लागली तेव्हापासून ती मावशीकडेच राहायची. दोघींचं छान जमायचं. फक्त निवृत्तीनंतर मावशीला दिवसभर काय करावं ते सुचेना, म्हणून ती भाचीची कपाटं आवरायची, आणि मग भाचीला आपली एकही वस्तू सापडायची नाही. त्यावरून अधूनमधून खटके उडायचे, तेवढंच.

आजचा दिवस भाचीसाठी मोठा होता. तिने गेला महिनाभर वाचनालयाच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून लागून एका कार्यक्रमाची परवानगी मिळवली होती. मुलांना आत बसवून एक चित्रांचं पुस्तक वाचायचं आणि मग लगेच बाहेर अंगणात जाऊन, पुस्तकात जे आहे ते स्वतः हातांनी करून बघायचं. साहेबांना दोन गोष्टींची धास्ती होती. एक म्हणजे बुटांबरोबर आत येणारी माती. दुसरे म्हणजे शेजारचे घड्याळजी. वाचनालयाच्या अंगणाला लागून त्यांचं छोटं दुकान होतं, घड्याळदुरुस्तीचं. मुलांचा जरा गलका झाला की ते डोळ्यावरचं भिंग न काढता तसेच तावातावाने साहेबांच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "माझ्या हातात केसाएवढी स्प्रिंग असते, साहेब! तुमची पोरं किंचाळतात आणि ती उडते. मग दिवसभर मी जमिनीवर रांगतो."

भाचीने मावशीचा हात धरला आणि कुजबुजत, प्रत्येक शब्द ओढून काढत म्हणाली, "तू ये."

"कुठे?"

"गोष्ट. तू सांग."

"मी?" मावशीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी कधी कुणाला पुस्तक वाचून दाखवलेलं नाही. मला लोकांना पुढे सरकवता येतं, खाली बसवून ठेवता येत नाही."

"सोप्पं," भाची कुजबुजली. "चित्रांचं." आणि तिने असा काही चेहरा केला की मावशीने लगेच वाचायचा चष्मा पर्समध्ये टाकला.

वाचनालयाचा बालविभाग म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना बुटकी कपाटं, मध्ये सतरंजी, आणि अंगणाच्या बाजूला काचेचं दार. मुलं एकेक करून येत होती. आईबाप त्यांना दारात सोडून, गालावर थापटी मारून, सुटल्यासारखे निघून जात होते. दहाबारा मुलं झाली. मोठे साहेब हाताची घडी घालून दाराशी उभे होते आणि प्रत्येकाच्या बुटांकडे बघत होते.

मावशीला बसायला जे स्टूल दिलं होतं ते मुलांच्या मापाचं होतं. ती बसली तेव्हा तिचे गुडघे थेट हनुवटीशी आले. एक बारकी चष्मेवाली मुलगी ते टक लावून बघत होती.

"काय बघतेस?" मावशी म्हणाली.

"तुम्ही बेडकासारख्या दिसता," मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली.

"बेडकाला चष्मा नसतो," असं म्हणून मावशीने पर्समधून आपला चष्मा काढून नाकावर चढवला आणि पुस्तक उघडलं.

मुखपृष्ठावर एक मुंगी होती, जवळजवळ पानभर मोठी, आणि तिच्या डोक्यावर केकचा एक कण. आतल्या पहिल्या पानावर हिरवळीवर अंथरलेली चौकड्यांची चादर होती. मावशीने चित्राखाली पाहिलं. वर पाहिलं. पान उलटलं. दुसऱ्या पानावर मुंग्या होत्या. मजकूर नव्हता. तिसऱ्यावरही नव्हता. तिने घाईघाईने शेवटपर्यंत पानं चाळली. पुस्तकात एकही अक्षर नव्हतं.

तिने कोपऱ्यात बसलेल्या भाचीकडे पाहिलं. भाचीने गळ्याला मफलर गुंडाळला होता. ती दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाखवत होती, पण ते विमान उतरवताना दाखवतात तसं दिसत होतं. मावशीला ओ की ठो कळेना.

शेवटी तिने पुस्तक मुलांकडे फिरवलं आणि सरळ सांगून टाकलं. "यात तर काहीच लिहिलेलं नाही. छापायला विसरले वाटतं!"

मुलं खिदळली. चष्मेवालीला मात्र हसू आलं नाही. "विसरले नाहीत. हे असंच असतं. आपण बघायचं आणि आपण सांगायचं."

"हो का? मग तूच सांग की. मी आज पहिल्यांदाच आलेय."

झालं. चष्मेवालीने सुरुवात करायच्या आधीच लाल टोपीवाला एक मुलगा ओरडला, "मुंगीला केक सापडलाय!" त्याच्या पाठोपाठ सगळे एकदम सुरू झाले. खोलीत एकच कालवा झाला. दाराशी साहेबांनी कपाळाला हात लावला आणि भिंतीपलीकडच्या दुकानाच्या दिशेने बघितलं.

मावशी मात्र क्षणात सावरली. कारण हा प्रकार तिला चांगला ठाऊक होता. संध्याकाळी सुटलेल्या बसमध्ये अगदी असंच असायचं. तिने हात वर केला आणि आवाज न चढवता, नुसता खाली दाबून म्हणाली, "ढकलाढकली नको. एकेकाने चढायचं. आधी टोपी, मग चष्मा, मग तू. सगळ्यांना जागा मिळणार आहे."

आश्चर्य म्हणजे मुलं खरंच रांगेत बोलू लागली.

मग त्यांनी सगळ्यांनी मिळून ते पुस्तक सांगितलं. मुंगीला चादरीवर केकचा कण सापडतो. ती घरी जाऊन बाकीच्यांना बोलावून आणते. कण उचलून सगळ्या निघतात. वाटेत एक प्रचंड बूट येतो, मग सांडलेल्या सरबताचं तळं येतं. ("बुडतील त्या!" "नाही बुडणार, तो बघ पानाचा पूल!") कण एकदा पडतो, एकदा पाखरू तो पळवू बघतं. शेवटच्या पानावर जमिनीच्या आतलं मुंग्यांचं घर, खोल्याच खोल्या, आणि सर्वांत खालच्या खोलीत पांढरी पांढरी पिल्लं.

मुलांमध्ये एक गोलमटोल मुलगा होता. तो प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारायचा, "का?" बूट का आला? पाखराला का भूक लागली? मुंग्या एकट्या का नाही खात? मावशीने दुसऱ्याच पानावर त्याचं नाव 'काका' ठेवलं. तो त्यावर जाम खूश झाला आणि मग त्याने दुप्पट वेगाने "का?" सुरू केलं.

"आता काका, शेवटचा प्रश्न," पुस्तक मिटत मावशी म्हणाली. "मुंग्या खरंच असं करतात का, ते बघायचं का?"

काकाला पहिल्यांदाच 'का' वगळून 'हो' म्हणावं लागलं.

भाचीने प्रत्येकाच्या हातात एक भिंग दिलं. काचेचं दार उघडलं. मावशी दारात आडवी उभी राहिली आणि नियम सांगितले. "खाली बघून चालायचं. मुंगीला ओव्हरटेक करायचं नाही. कुणी कुणावर पाय द्यायचा नाही, आणि मुंगीवर तर मुळीच नाही. ओरडलं की मुंग्या घाबरतात." मुंग्या खरोखर घाबरतात का हे तिला माहीत नव्हतं. पण शेजारचे घड्याळजी घाबरतात हे तिने ऐकलं होतं.

अंगण छोटंसंच होतं. थोडं गवत, दोन झाडं, फरशीची पायवाट, वाचनालयाच्या मागच्या दाराची दगडी पायरी आणि एक बुटकी भिंत. भिंतीत एक उंच लाकडी फाटक होतं. त्याच्या पलीकडे घड्याळजींचं आवार. भाचीने केकचा चुरा आणला होता. तो गवताच्या कडेला ठेवला आणि सगळे पोटावर पालथे पडून वाट बघू लागले.

एकही मुंगी आली नाही.

"का नाही येत?" काकाने विचारलं.

"गाडी लेट आहे," मावशी म्हणाली. पण मनातून ती खट्टू झाली. इतकी खटपट करून भाचीने हे सगळं जमवलं आणि ऐनवेळी मुंग्याच फिरकू नयेत! साहेब काचेच्या दारातून बघत होते. एका मुलीने जांभई दिली. ही तीन बहिणींमधली मधली होती आणि मोठी-धाकटी दोघीही तिच्या दोन्ही बाजूंना होत्या. म्हणून मावशी तिला मधली म्हणत होती.

इतक्यात लाल टोपी भिंतीच्या पायथ्याशी बसून हळूच, अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "इकडे. इकडे या सगळे."

भिंतीच्या कडेकडेने एक काळी बारीक रेघ हलत होती. मुलं गुडघ्यांवर रांगत तिथे पोचली. मुंग्याच मुंग्या. काही रिकाम्या, भिंतीकडे जाणाऱ्या. काही परत येणाऱ्या, आणि परत येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात एकेक पांढरा चमकदार कण. भाचीच्या केककडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"त्यांच्याकडे आधीच आहे!" चष्मेवाली म्हणाली.

"साखर आहे ती," मधली म्हणाली. "मोठे मोठे दाणे."

दोन मुंग्या समोरासमोर आल्या की थांबायच्या, एकमेकींच्या तोंडाशी मिशा लावायच्या आणि पुढे जायच्या. मुलांनी विचारलं, हे काय करतात? "तिकीट तपासतात," मावशी म्हणाली, आणि मग स्वतःच भिंग घेऊन इतकी खाली वाकली की तिच्या नाकाला माती लागली. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठा कण ओढत होती. ती फरशीच्या फटीत अडकायची, मागे सरायची, दुसऱ्या बाजूने यायची, पुन्हा ओढायची. मावशीला तिच्यावरून नजर काढवेना. तिला वाटलं, इतकी वर्षं आपण रोज हजारो पाय बघितले, आणि पायांखाली हे चाललेलं एकदाही बघितलं नाही.

भरलेल्या मुंग्यांच्या मागे जाताजाता घर सापडलं. वाचनालयाच्या मागच्या दगडी पायरीला एक फट होती, तिच्यात सगळ्या शिरत होत्या. मुलांनी आवाज न करता नाच केला. ते बघायला फार मजेदार होतं. दहाबारा मुलं हात वर करून उड्या मारतायत आणि कुणाच्या तोंडातून शब्द नाही. भाचीचा चेहरा फुलला. इथेच कार्यक्रम संपायचा होता.

पण काकाने विचारलं, "पण साखर आणतात कुठून?"

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने रेघेकडे बघितलं. रेघ पायरीपासून भिंतीच्या कडेने, झाडाला वळसा घालून, सरळ लाकडी फाटकाखालून पलीकडे जात होती. कोपऱ्यात भाची दोन्ही हात जोरजोराने आडवे हलवत होती. या वेळी त्याचा अर्थ मावशीला स्पष्ट कळला. पण तिने चष्मा काढला आणि तो पदराने पुसत बसली. चष्म्याशिवाय तिला लांबचं दिसत नाही, असं तिने नंतर सांगितलं. तो वाचायचा चष्मा होता.

"चला," ती म्हणाली. "पण कुणाच्या घरी असंच घुसायचं नसतं. मी विचारते."

तिने फाटकावर टकटक केली. फाटक लगेच उघडलं. घड्याळजी जणू फाटकामागेच उभे होते. उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ, एका डोळ्याला काळं नळीसारखं भिंग लावलेलं.

"काय झालं?" त्यांनी काळजीने विचारलं. "कुणाला लागलं का?"

"नाही हो. का?"

"मघापासून आवाजच नाही. आज मुलं येणार म्हणून मी सकाळपासून तयारीत बसलोय, एकही बारीक काम हातात घेतलेलं नाही. आणि चिडीचूप! मला चैन पडेना. म्हटलं, बघावं तरी."

"लागलं-बिगलं नाही कुणाला," मावशी म्हणाली. "आमच्या मुंग्या तुमच्याकडे आल्यात. आम्ही त्यांच्या मागे आलोय."

"तुमच्या मुंग्या?" घड्याळजींनी भुवई उंचावली. दुसरी भुवई भिंगाखाली असल्यामुळे ती उंचावली की नाही ते कळलं नाही.

लाल टोपीने त्यांच्या बाहीला धरून त्यांना खाली वाकवलं आणि बोट दाखवलं. घड्याळजी गुडघ्यावर बसले. डोळ्याचं भिंग रेघेवर नेलं. आणि मग बराच वेळ उठलेच नाहीत.

"अरेच्चा," ते अखेर म्हणाले. "हिला कंबर केवढीशी आहे! आणि पायांना सांधे आहेत बघा. किती नाजूक! आणि मी इतकी वर्षं या भिंगातून नुसती चाकं बघत बसलो." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि लाल टोपीच्या डोळ्याला लावलं. "हे घे. तुझ्या त्या खेळण्यातल्या भिंगापेक्षा याने जास्त दिसेल. पाडू नकोस."

मग सगळ्यांना पाळीपाळीने ते भिंग हवं झालं. मावशीने रांग लावली. घड्याळजीही रांगेत उभे राहिले, आपल्याच भिंगासाठी.

पुढे रेघ दुकानाच्या मागच्या दाराच्या चौकटीवरून आत गेली होती. घड्याळजींनी स्वतः दार उघडून धरलं. आत भिंतभर घड्याळं होती. मोठी, छोटी, लंबकाची, बंद पडलेली, उघडून ठेवलेली. त्यांच्या टिकटिकीत मुलं नकळत चवड्यांवर चालायला लागली. रेघ टेबलाच्या पायावर चढली, वरून कडेने निघाली, तेलाच्या बाटलीला वळसा घालून पुन्हा खाली उतरली, आणि भिंतीशी असलेल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणाच्या फटीत शिरली.

तिथे पोचताच घड्याळजी एकदम उभे राहिले. "बस्स," ते म्हणाले. "इथे काही नाही. इथे जुने लंबक आहेत. चला, बाहेर चला."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. विनातिकीट प्रवाशाचा चेहरा तिने इतक्यांदा बघितला होता की तो ओळखायला तिला चष्म्याची गरजच नव्हती. तोच खिडकीबाहेर बघण्याचा आव, तीच हातांची चुळबूळ. तिने मनातल्या मनात हसून ठरवलं, म्हाताऱ्याला वाचवायचं. "चला, चला," ती म्हणाली, "शेवटचा स्टॉप आला, सगळे उतरा!"

पण तेवढ्यात मागच्या खोलीतून घड्याळजींची बायको आली. ठेंगणी, गोरटेली, हातात ओलं फडकं. "कसली गर्दी आहे ही?" तिने विचारलं, आणि नेमक्या त्याच क्षणी मधलीने खण ओढला.

आत एकही लंबक नव्हता. एक पत्र्याचा गोल डबा होता, त्याचं झाकण अर्धवट बसलेलं. डब्यात साखरेत घोळवलेली बिस्किटं होती, आणि डब्यावर, डब्यात, डब्याभोवती मुंग्यांची जत्रा.

घड्याळजींची बायको वाकून खणात बघू लागली.

"काकू," मधली म्हणाली, "तुमच्या लंबकांना साखर लागलीय."

काकूंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

घड्याळजी पायाने खण आत लोटू लागले.

"काय सांगितलं होतं? गोड बंद! आणि मी खुळी, महिनाभर रोज हे दुकान पुसतेय. या मुंग्या येतात कुठून, म्हणून कोपरान्‌ कोपरा धुतेय. तुम्ही वर मलाच सांगता, 'जुनं घर आहे, मुंग्या यायच्याच.' जुनं घर!"

"का लपवलीत बिस्किटं?" काकाने विचारलं. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

घड्याळजी स्टुलावर बसले. त्यांनी मुलांच्या तोंडाकडे बघितलं आणि खरं तेच बोलले. "कारण मला ती फार आवडतात रे."

काकूंनी रागाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडातून हसूच बाहेर पडलं. त्यांनी ते फडक्याने झाकायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले. मग मावशीही हसली. आणि मावशी हसली म्हणजे कपाटातली दोन बंद घड्याळंही थरथरली.

"ते राहू द्या," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "आज मुंग्यांची पावडर आणते, म्हणजे सुंठीवाचून..."

"पावडर नको!" सगळी मुलं एका सुरात ओरडली. सकाळपासून दाबून ठेवलेला आवाज होता तो. घड्याळजी स्टुलावरून उडाले.

"त्यांची पिल्लं आहेत," चष्मेवाली कळवळून म्हणाली. "सर्वांत खालच्या खोलीत. पांढरी. आम्ही बघितलीत, पुस्तकात."

काकू गोंधळल्या. त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने हात जोडले. "बाई, यांनी आख्खी सकाळ त्या मुंग्यांबरोबर काढलीय. आता यांना समजावणं माझ्या हातात नाही. पण मला वाटतं, डबाच जर इथून हलला तर मुंग्या तरी कशाला येतील? त्यांना घड्याळात काय रस?"

काकूंनी डबा उचलला. झटकून मुंग्या खाली सोडल्या. मुलांना एकेक बिस्किट वाटलं. घड्याळजींनी हळूच हात पुढे केला, तेव्हा त्यांच्या तळहातावर पाव बिस्किट ठेवलं आणि म्हणाल्या, "समोर खायचं. चोरून नाही." उरलेला सगळा चुरा मुंग्यांच्या दारात नेऊन टाकायचा असं ठरलं. डबा घड्याळजींनी स्वतः उचलला. दोन्ही हातांत धरून ते पुढे निघाले, मागे काकू, मावशी, मुलांची रांग आणि सर्वांत शेवटी भाची.

फाटकातून ही मिरवणूक अंगणात शिरली तेव्हा, मधेच आत जाऊन आलेले साहेब झाडांमागे, भिंतीमागे मुलांना शोधत धावत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोर घड्याळजी दिसताच ते आणखीच पांढरे पडले.

"माफ करा," ते घाईघाईने म्हणाले, "आज पहिलीच वेळ आहे, पुन्हा असं होणार नाही..."

"थांबा. माझी तक्रार आहे," घड्याळजी म्हणाले. साहेबांनी डोळे मिटले. "तुमच्या त्या मागच्या पायरीला फट पडलीय."

"हो, हो. सोमवारी लगेच सिमेंट भरून घेतो."

"तेच सांगायला आलोय. भरू नका." आणि त्यांनी कपड्यांची पर्वा न करता पायरीसमोर गुडघे टेकले आणि बिस्किटांचा चुरा फटीच्या तोंडाशी ओतला.

पुढचा अर्धा तास मुंग्यांनी तो चुरा कसा नेला ते बघण्यात गेला. एवढा मोठा तुकडा फटीत जाईना, तेव्हा त्यांनी तो बाहेरच कुरतडून लहान केला. लाल टोपी म्हणाली की पुस्तकात हे नव्हतं. "मग पुस्तकवाल्यांना कळवा," मावशी म्हणाली. साहेबही शेवटी वाकले. त्यांनी आधी रुमाल अंथरला, पण वाकले.

आईबाप आले तेव्हा कुणी घरी जायला तयार होईना. मधलीने आपल्या बापाला पोटावर झोपायला लावलं. तो ऑफिसच्या कपड्यांत होता. "बघा, तिची कंबर बघा," ती त्याला दाखवत होती. काकाची आई मावशीपाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही नवीन बाई का?"

मावशीने भाचीकडे बघितलं. मघाशी फाटकापाशी आपण हिचं ऐकलं नाही, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. आता ही काय म्हणेल? पण भाचीने हो म्हणून मान हलवली, जोरात, आणि दोन्ही हातांनी मावशीकडे बोट केलं. मग साहेबांकडे बघितलं. साहेब रुमालाची घडी घालत होते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे, बाईंची हरकत नसेल तर."

"माझी काय हरकत?" मावशी म्हणाली. "पण मला एक उंच स्टूल लागेल."

सगळे गेल्यावर काकूंनी भिंतीवरून चहाचे पेले दिले. चहा बिनसाखरेचा होता, घरात आता गोड काही मिळणार नव्हतं. मावशी पायरीच्या कडेला बसून तो प्याली. तिचे पाय दुखत होते. दिवसभर उभं राहून दुखायचे तसेच. हे दुखणं ती वर्षभर विसरली होती आणि आता ओळखीचं माणूस भेटावं तसं तिला बरं वाटलं.

वाचनालय बंद करून दोघी निघाल्या. घर दोन गल्ल्यांवर होतं. पण मावशी दर दहा पावलांना थांबायची. एकदा झाडाच्या बुंध्याशी, एकदा बंद दुकानाच्या फळीपाशी. न्हाव्याच्या दुकानासमोर फुटपाथच्या कडेला तिला तांबड्या मुंग्यांची दुसरी रांग दिसली आणि ती सरळ खाली बसली. "या वेगळ्या आहेत बघ," ती म्हणाली. "यांची घाई बघ केवढी! आणि या उलट्या दिशेला का चालल्यात?"

भाचीने पिशवीतून तिला भिंग काढून दिलं. मग इकडेतिकडे बघितलं, मफलर सारखा केला, आणि तीही फुटपाथवर मावशीच्या शेजारी बसली.